स्वामित्वांतर आणि अर्थांतर

संबंधात्मक डेटाबेसमधील वस्तूंचे स्वामित्व बदलणे ही निव्वळ कारकुनी बाब होय, असा समज रूढ आहे. दप्तरातील एक नाव खोडून दुसरे लिहावे, इतकेच तिचे महत्त्व मानले जाते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९७० साली कॉड यांनी मांडलेल्या प्रतिमानात विचार होता तो संबंधांचा. स्वामी तेथे नव्हता. तो आला अधिकारव्यवस्थेच्या ओघाने. १९७६ साली ग्रिफिथ्स व वेड यांनी 'सिस्टिम आर'साठी वर्णिलेल्या व्यवस्थेत टेबल निर्माण करणारासच त्यावरील सर्व अधिकार प्राप्त होत. स्वामित्व असे निर्मितीशी बांधले गेल्यामुळे निर्माता संस्था सोडून गेला म्हणजे प्रश्न उभा राहतो. ओरॅकलमध्ये वापरकर्ता व त्याचा स्कीमा एकरूप असल्याने टेबलाचा स्वामी थेट बदलताच येत नाही. पोस्टग्रेसने हे दोन्ही वेगळे ठेवले, आणि २००६ मधील ८.२ आवृत्तीत 'रिअसाइन ओन्ड' ही आज्ञा दिली. एका भूमिकेच्या सर्व वस्तू एका वाक्यात दुसरीकडे जातात. सोय निःसंशय मोठी. परंतु तिच्या सुटसुटीतपणातच धोका आहे.

टेबलाचे स्वामित्व बदलले, तरी त्यातील नोंदी त्याच राहतात. व्ह्यूचे तसे नाही. व्ह्यूमागील टेबले वाचण्याचा अधिकार सामान्यतः व्ह्यूच्या स्वामीचा तपासला जातो, वाचकाचा नव्हे. म्हणून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा व्ह्यू सर्वाधिकारी भूमिकेच्या नावे केला, तर मूळ टेबलावरील ओळनिहाय निर्बंध त्या वाटेने निष्प्रभ होतात. व्ह्यूच्या व्याख्येतील एक अक्षरही बदललेले नसते. पूर्वी काही ओळी पाहणारास आता सर्व ओळी दिसतात. फंक्शनांत मात्र रूढ वर्तन उलटे: ती हाक मारणाराच्या अधिकाराने चालतात, 'सिक्युरिटी डिफायनर' म्हटले तरच स्वामीच्या. एकाच व्यवस्थेत ही दोन विरुद्ध गृहीतके का असावीत, याचे समाधानकारक समर्थन देणे कठीण आहे. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीने व्ह्यूलाही वाचकाच्या अधिकाराने चालण्याचा पर्याय दिला. पण तो पर्यायच राहिला, मूळ वर्तन कायम आहे.

शिवाय ही आज्ञा चालू डेटाबेसपुरतीच पोहोचते. इतर डेटाबेसांत ती पुन्हा द्यावी लागते. परक्या वस्तूंवर मिळालेले अधिकार ती काढून घेत नाही. त्यासाठी मागाहून 'ड्रॉप ओन्ड' लागते. आणि हा क्रम उलटला, तर हस्तांतरित व्हावयाची टेबलेच नष्ट होतात.