नऊ पानं आणि माझा बोनस

2021च्या नोव्हेंबरमध्ये बिटकॉइनची किंमत 65 हजार डॉलरच्या वर गेली, तेव्हा मी वर्षभराचा बोनस त्यात घातला. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "पण त्यातून येतं काय?" मी त्यांना ब्लॉकचेन समजावत बसलो. वर्षभरात किंमत 17 हजारांच्या आसपास आली. तेव्हा कुठे मी, हा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे, तो निबंध वाचायला घेतला.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी आलेला हा निबंध अवघा नऊ पानांचा आहे. इतकं नेटकं तांत्रिक लेखन मी क्वचितच वाचलंय. प्रश्न एकच घेतलाय. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तरी तो माझ्याकडे उरतोच. मग डिजिटल नाणं कुणी दोनदा खर्च करू नये, हे बँकेशिवाय कसं साधायचं? उत्तर असं: प्रत्येक व्यवहार सगळ्यांसमोर एका साखळीत नोंदवा, आणि जुनी नोंद बदलायला प्रचंड गणनाशक्ती लागेल अशी सोय करा. हे उत्तर आजही टिकून आहे.

पण गुंतवणूकदार म्हणून वाचलं की निबंध गप्प होतो. 'गुंतवणूक' हा शब्दच त्यात नाही. 2 कोटी 10 लाख नाण्यांच्या ज्या मर्यादेचा आपण जप करतो, तो आकडाही नाही. आहे ती एक उपमा: नवी नाणी चलनात येणं म्हणजे खाणकामगारांनी कष्ट उपसून सोनं बाहेर काढणं. उपमा तेवढ्यापुरतीच होती. आम्ही वाचकांनी ती ताणली. कष्टाने मिळतं, मोजकंच आहे, म्हणजे सोन्यासारखं मौल्यवान!

मोजकेपणाने मूल्य येतं का, याची परीक्षा होऊन गेली आहे. 1 ऑगस्ट 2017ला साखळीला फाटा फुटून 'बिटकॉइन कॅश' निघालं. तोवरच्या नोंदी त्याच, मर्यादा तीच. तरी त्याची किंमत बिटकॉइनच्या बरोबरीला कधीच आली नाही. कोड कॉपी झाला, लोकांचं मानणं कॉपी झालं नाही.

रुपयाही मानण्यावरच चालतो, असं मित्र म्हणतात. खरंय, पण सरकार कर रुपयांतच मागतं. शेअरमागे कंपनीचा नफा असतो, बाबांच्या दोन एकरांत सोयाबीन येतं. बिटकॉइन नुसतं धरून ठेवलं तर ना व्याज, ना लाभांश. पुढचा कुणी जास्त देईल, एवढाच भरवसा.

कुणाच्याही परवानगीशिवाय सीमेपार पैसे पाठवता येणं, हा खरा उपयोग आहे. ज्यांची बँक खाती गोठवली जातात, त्यांच्यासाठी तर फारच मोलाचा. मला मात्र कुणालाच काही पाठवायचं नव्हतं.

डिसेंबर 2024मध्ये किंमत एक लाख डॉलरच्या वर गेली. मी अर्धी नाणी विकली, नफ्यावर 30 टक्के कर भरला. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं. पण ते येतं कुठून?" या वेळी मी ब्लॉकचेन समजावलं नाही. म्हटलं, "माझ्यानंतर विकत घेणाऱ्याच्या खिशातून." उरलेल्या अर्ध्याला मी आता गुंतवणूक म्हणत नाही. ती पैज आहे.