हसण्याचा आवाज किती हर्ट्झचा असतो?

फळ्यावर खडू करकरला की आमचा आख्खा वर्ग खांदे आक्रसून घ्यायचा. हे वाक्य वाचतानाही तुमच्यापैकी काहींच्या अंगावर शहारा आला असेल. आवाज झालेलाच नाही, नुसती आठवण झाली, तरी. अशा आवाजांसाठीचे आपले शब्द बघा: करकर, किरकिर, कर्कश, किंकाळी. उच्चारतानाच घसा खरवडल्यासारखा होतो.

या शहाऱ्याचा माग १९८६ साली हाल्पर्न, ब्लेक आणि हिलेनब्रँड या तीन संशोधकांनी काढला. बागकामाचं अवजार पाटीवर घासून तो आवाज त्यांनी लोकांना ऐकवला. त्रास होतो तो सगळ्यात वरच्या, टोकदार भागाचा, असं कुणालाही वाटेल. पण तो भाग गाळून टाकला तरी आवाज तितकाच नकोसा राहिला. दोषी निघाली त्याखालची पट्टी. पुढच्या अभ्यासांनी ती साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या आसपास दाखवली. माणसाचा कान याच पट्टीत सगळ्यात तल्लख असतो. मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळपास नाहीसा होतो आणि नेमकी हीच पट्टी उरते, हे आपलं नशीब.

सिनेमानं ही गोष्ट संशोधनाची वाट न बघता ओळखली होती. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं खुद्द हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरीही ते लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. सगळ्या सिनेमाला फक्त तंतुवाद्यं. त्या प्रसंगात व्हायोलिनं वरच्या सुरांत एकसारखी चिरकतात. सुरी अंगात घुसताना जवळजवळ दिसतच नाही. ती आपल्याला कानानं जाणवते.

आज मात्र तोच तुकडा मीममध्ये वाजतो आणि आपण हसतो. असं का होतं? २०११ साली ओहलर आणि रॉयटर यांनी लोकांना फळ्यावर नखं ओढल्याचे आणि तसलेच आवाज ऐकवले. काहींना आवाज कशाचा ते खरं सांगितलं, काहींना ही आधुनिक संगीतरचना आहे असं सांगितलं. संगीत समजून ऐकणाऱ्यांना तो कमी वाईट वाटला. त्वचेच्या विद्युतवाहकतेतला बदल मात्र दोन्ही गटांत दिसला. म्हणजे शरीर दचकतंच, पण त्या दचकण्याला काय म्हणायचं ते आपण ठरवतो. हल्लीच्या कितीतरी भयपटांची गोची इथेच आहे. दर दहा मिनिटांनी एक किंचाळी ठेवून ते शरीराला दचकवतात आणि तेवढ्यावर थांबतात.

याच्या अगदी उलट टोकाला मला नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) दिसतो. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. शेवटच्या भागात जब्याचं कुटुंब गावासमोर डुकरं धरतं. त्यात धावपळ आहे, आरडाओरडा आहे. ऐन मोक्याला शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. भोवती जमलेली पोरं हसतात, चिडवतात.

हा सिनेमा मी पहिल्यांदा तालुक्याच्या थिएटरात पाहिला. त्या धावपळीला थिएटर हसत होतं. मीही हसलो. मग पडद्यावरचं हसणं वाढत गेलं, आणि एका क्षणी कळेना, हे हसू पडद्यावरच्या पोरांचं की आमच्या रांगेतलं. मी गप्प झालो, पण उशीर झाला होता. पुढे एकदा रात्री हेडफोन लावून पुन्हा पाहिला. डुकराच्या ओरडण्याचं काहीच वाटलं नाही. हसणं सुरू झालं तेव्हा मात्र हात आपोआप आवाज कमी करायला गेला.

हसण्याला कुठलाही संशोधक किळसवाण्या आवाजांच्या यादीत घालणार नाही. खडूची करकर सगळ्या वर्गाला सारखीच बोचते. इथे तसं नाही. हे हसणं ऐकू यायला आपण कुठे उभे आहोत ते आधी कळावं लागतं. ‘सायको’ आपल्याला मरणाऱ्या बाईच्या जागी नेऊन ठेवतो. ‘फँड्री’ आपल्याला बघ्यांच्या गर्दीत बसवतो आणि तिथून हलूच देत नाही. म्हणूनच जब्या शेवटी जो दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो.

त्या दगडानंतर पडदा काळा होतो. त्या दिवशी आमच्या थिएटरात कुणीच हसलं नाही. ती शांतताही फार सुखाची नव्हती.