आवृत्त्या अनेक, साक्षीदार एक

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की एक मोह हमखास होतो: "बहुतेक पेपर असंच म्हणतात, म्हणजे तसंच असणार." पहिल्या वर्षी मी एका स्थिरांकाची किंमत अशीच ठरवली होती. 11 पेपर, सगळीकडे तोच आकडा. गाइडनी विचारलं, "पण मोजला कोणी?" शोधलं तर मोजला होता एकानेच. बाकी दहांनी उतरवून घेतलेला.

हा घोळ मला नीट कळला तो पियानोच्या छापील नोटेशनवरून.

शोपाँची दुसरी पियानो सोनाटा (ओपस 35) 1840 मध्ये छापून आली. एका देशातला कॉपीराइट दुसऱ्या देशात चालत नसे, म्हणून तो आपल्या रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तिन्ही ठिकाणच्या प्रकाशकांना देत असे. ही सोनाटा पॅरिसला त्रुपना, लाइपझिगला ब्राइटकॉफ आणि लंडनला वेसेल यांनी काढली.

सुरुवातीचे चार बार अगदी संथ, 'ग्राव्हे'. पाचव्या बारपासून लय दुप्पट. पुढे पहिला भाग संपला की तो पुन्हा वाजवायचा. प्रश्न एवढाच, की परत जायचं कुठे? लाइपझिगच्या आवृत्तीत पाचव्या बारच्या तोंडाशी पुनरावृत्तीचे ठिपके आहेत, म्हणजे ग्राव्हे वगळायचं. पॅरिस आणि लंडनच्या आवृत्त्यांत तिथे ठिपके नाहीत, म्हणजे थेट पहिल्या बारपासून.

नंतरच्या बऱ्याच आवृत्त्या पाचव्या बारवरच परततात. मतं मोजली तर लाइपझिग जिंकतं. पण ज्यांनी लाइपझिगवरून उतरवलं, त्या सगळ्यांचं मिळून मत एकच!

थांबा, पॅरिस आणि लंडन विरुद्ध लाइपझिग, म्हणजे 2 विरुद्ध 1, असंही लगेच म्हणू नका. लंडनची प्रत पॅरिसच्या प्रूफवरून केलेली असेल, तर तीही दोन मतं नव्हेत.

मग ठरवायचं कसं? दोन गोष्टी बघा. एक, चूक होण्याची वाट. लय बदलते तिथे दुहेरी रेघ असते, आणि तिला पुनरावृत्तीची खूण समजून ठिपके घालणं सहज शक्य आहे. दोन, खुद्द संगीत. पहिल्या भागाचा शेवट डी फ्लॅट मेजरकडे झेपावतो, आणि ग्राव्हेची सुरुवात डी फ्लॅटच्याच सुरावर आहे. पहिल्या बारवर गेलात तर जणू समेवर येता. पाचव्या बारवर गेलात तर मध्येच बी फ्लॅट मायनरची साथ सुरू होते आणि सम हुकते. पियानोवादक-अभ्यासक चार्ल्स रोझेन यांनी याच कारणाने पाचव्या बारवर परतणं चूक ठरवलं. पुढे ब्राइटकॉफच्याच समग्र आवृत्तीत, जिच्या संपादकांत ब्राम्स होता, पुनरावृत्ती पहिल्या बारपासून आहे.

मला हाच निकाल पटतो, पण तो मतमोजणीने लागलेला नाही. आपला पुरावा त्या छापील प्रतींच्या बाहेरून, संगीतातून आला, म्हणून त्याला वजन आहे.

तेव्हा रिव्ह्यूचं टेबल भराल त्यात एक कॉलम वाढवा: 'हा आकडा कुठून आला?' माझ्या टेबलात तो भरल्यावर 11 ओळींची 1 ओळ झाली. वाईट वाटलं, पण ते व्हायव्हात कळण्यापेक्षा बरं.