20 आणि 50 यांच्या मधली गाडी

‘जेनेव्हीव्ह’ हा सिनेमा मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा एकट्यानं, दुसऱ्यांदा चिडून आणि तिसऱ्यांदा बाबांबरोबर. हा लेख तिसऱ्या वेळेमुळे लिहितोय. तोपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं, आणि ते चुकीचं होतं.

सिनेमा 1953 सालचा, ब्रिटिश, विनोदी. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट म्हणून त्याला बाफ्टा मिळालं. जुन्या गाड्यांचं वेड असलेल्या माणसांवरचा याच्याइतका नेमका सिनेमा मला माहीत नाही. शर्यतींवरचे सिनेमे पुष्कळ आहेत. त्यात वेग असतो, अपघात असतात, घामेजलेले चेहरे असतात. ‘जेनेव्हीव्ह’मधल्या गाड्या मात्र सायकलवाल्यानं जोर लावला तर मागे पडतील अशा आहेत.

गोष्ट लंडन ते ब्रायटन या गाड्यांच्या वार्षिक फेरीची. तिच्यामागचा इतिहास मजेशीर आहे. 1865 च्या ब्रिटिश कायद्यानं रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी 4 आणि गावात ताशी 2 मैलांची मर्यादा घातली होती, आणि वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालत ठेवायला लावला होता. 1896 मध्ये मर्यादा ताशी 14 मैलांवर गेली. त्या आनंदात 14 नोव्हेंबर 1896 ला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला निघाले. 1927 पासून त्याची आठवण म्हणून ही फेरी निघते. 1905 च्या आधी बनलेल्या गाड्या नोव्हेंबरातल्या रविवारी सूर्योदयाला हाइड पार्कातून सुटतात. सुटण्याआधी एक लाल निशाण समारंभपूर्वक फाडतात. अंतर साधारण 60 मैल. ही शर्यत नाही, हे आयोजक दरवर्षी बजावून सांगतात. संध्याकाळी साडेचारच्या आत पोहोचलं की पदक.

कंपनीच्या कामासाठी काही महिने इंग्लंडात होतो तेव्हा मी ही फेरी पाहिली. पहाटे थंडीनं बोटं आखडली होती. बऱ्याच गाड्यांना पुढची काच नाही, छप्पर नाही. काहींना स्टिअरिंगच्या चाकाऐवजी होडीच्या सुकाणूसारखा दांडा. एकेक गाडी खोकत, धूर सोडत पुढे सरकत होती, आणि चढ आला की आतली दोन माणसं उतरून ढकलत होती. रस्त्याकडेच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा कोड कुणी हात न लावता चालवत ठेवला तर त्याला टाळ्या मिळत नाहीत, मीटिंग लागते. म्हणून मला तो प्रकार फार आवडला. रात्री रूमवर येऊन ‘जेनेव्हीव्ह’ पहिल्यांदा पाहिला आणि खूप हसलो.

सिनेमातला ॲलन हा तरुण वकील. त्याच्याकडे 1904 ची डराक गाडी आहे, तिचं नाव जेनेव्हीव्ह. बायको वेंडीला या फेरीचा कंटाळा आहे, तरी ती येते. मित्र ॲम्ब्रोझ जाहिरातवाला, त्याच्याकडे स्पायकर. तो सोबत एक मॉडेल मैत्रीण आणि तिचा अवाढव्य कुत्रा घेऊन आलाय. जाताना सगळं नियमात होतं. ब्रायटनला भांडण होतं आणि येताना पैज लागते: वेस्टमिन्स्टर पूल जो आधी गाठेल त्याला शंभर पौंड. म्हणजे जी शर्यत नाही तिची शर्यत होते. मग दोघं सभ्य गृहस्थ एकमेकांच्या गाड्यांची मोडतोड करायला लागतात.

सिनेमाची खरी ताकद इथे आहे. जुन्या गाड्यांच्या कुठल्याही मेळाव्यात हेच चालतं. वरवर सगळे म्हणतात, “आम्ही प्रेमापोटी येतो.” पण कुणाच्या गाडीचं क्रोम जास्त चकाकतं, कुणाचा हॉर्न मूळचा आणि कुणाचा नंतर बसवलेला, कुणाच्या गाडीभोवती जास्त फोन उचलले जातात, यावर प्रत्येकाचं बारीक लक्ष असतं. कॉर्नेलियस या स्पर्धेला नावं ठेवत नाही. तिला रस्त्यावर आणून सोडतो आणि ती किती बालिश आहे ते आपल्याला दिसतं.

दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो चिडून. त्याचं कारण पुण्यातला एक रविवार.

आमचे बाबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी पद्मिनी, 1996 ची. माझ्या शाळेची फी, बहिणीचं लग्न, माझं इंजिनिअरिंग, सगळं त्या 1089 सीसीच्या इंजिनातून निघालं. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्यामुळे 2016 मध्ये ती भंगारात गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली गाडी कुर्ल्यातच कापली गेली. बाबा तेव्हा बरोबर गेले नव्हते. पुढे मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही संपली. ती 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून शहरात एकही उरली नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला काळी-पिवळी होती. बाबांच्या नव्हती.

तर त्या रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि मी बाबांना घेऊन गेलो. मैदानावर ब्यूक, डॉज, मॉरिस, एक देखणी मर्सिडीज. आणि टोकाला एक फियाट, 1970 च्या दशकातली, दुधी रंगाची. समोर दोरी बांधलेली. पाटीवर वर्ष, सीसी, मालकाचं नाव, आणि खाली ‘कृपया हात लावू नये’. बाबा दोरीपाशी उभे राहिले. थोड्या वेळानं परेडसाठी मालकानं गाडी सुरू करायला घेतली. होईना. मालक माझ्याच वयाचा, गॉगल, टोपी. तो परत परत स्टार्टर मारत होता. पेट्रोलचा वास आमच्यापर्यंत आला.

बाबा हळूच मला म्हणाले, “ओव्हर झालीय. चोक आत ढकल म्हणावं आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मार.”

मी म्हटलं, “जाऊन सांगा ना.”

“राहू दे. त्याची गाडी आहे.”

ते गेले नाहीत. बॅटरी बसली. गाडी चार जणांनी ढकलत परेडला नेली.

घरी येऊन ‘जेनेव्हीव्ह’ परत लावला, कारण त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नव्हता. पैजेच्या शेवटी, पूल हाकेच्या अंतरावर असताना, एक म्हातारा गृहस्थ ॲलनला थांबवतो. तरुणपणी त्याच्याकडे अशीच डराक होती. त्याला तिच्याबद्दल बोलायचंय. ॲलनला एकेक सेकंद महत्त्वाचा आहे, मागून स्पायकर येतेय. पण त्याच्यानं त्या म्हाताऱ्याला तोडवत नाही. तो थांबतो, ऐकून घेतो. वेंडी नवऱ्याकडे बघते आणि तिथे तिचा सगळा राग संपतो. सिनेमाचा हाच कणा आहे. शर्यत कोण जिंकतो हे नंतर जवळपास चेष्टेवारी उरकलंय.

पहिल्यांदा हा प्रसंग पाहून मी गहिवरलो होतो. आता मला राग आला. त्या म्हाताऱ्याला रस्त्यात गाडी अडवायचा हक्क वाटतो, कारण तो एके काळचा मालक आहे. जेनेव्हीव्ह 1904 पासून कुणी कुणी पुसली, उघडली, जोडली, त्यातला एकही माणूस सिनेमात बोलत नाही. पडद्याबाहेरही तेच. ॲलन झालेल्या जॉन ग्रेगसनला शूटिंग सुरू झालं तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. आणि सिनेमाचं ते लाडिक माउथ ऑर्गनचं संगीत लॅरी ॲडलरचं. तो अमेरिकेत कम्युनिस्ट ठरवून काळ्या यादीत टाकलेला, म्हणून अमेरिकेतल्या प्रतींवरून त्याचं नाव काढलं गेलं. संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं ते वाद्यवृंदाचे संचालक म्यूर मॅथिसन यांच्या नावानं. ॲडलरचं नाव तिथे लागायला 1986 उजाडलं. वाजवणारा एक आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं. मला वाटलं, सापडला सिनेमाचा खोटेपणा.

आणि खरा सिनेमा कोणता, हेही मी ठरवून टाकलं. ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’, 1958. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. छोटा नागपूरच्या डोंगराळ भागात बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची 1920 ची शेव्हरोले, ‘जगद्दल’. गाव त्याला हसतं. तो गाडीशी बोलतो, तिला पाणी पाजतो, आणि साउंडट्रॅकवर ती खरंच घटाघटा पाणी पिते. शेवटी जगद्दल मोडते, भंगारवाला तिचे तुकडे घेऊन जातो, आणि एक पोर तिचा सुटा हॉर्न वाजवत खेळत बसतं. काली बॅनर्जींचा त्या क्षणीचा चेहरा रडका आहे की हसरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मनात लेखाचा आराखडाही केला: एका बाजूला हौस, दुसऱ्या बाजूला भाकरी. एकीकडे साहेबांची सहल, दुसरीकडे आपलं दुःख.

लेख लिहिण्याआधी दोन्ही सिनेमे बाबांना दाखवावेत असं वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या मताला साक्षीदार हवा होता.

आधी ‘अजांत्रिक’ लावला. बाबा शांतपणे बघत होते. पाणी पिण्याचा प्रसंग आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “ह्याला बायकापोरं नाहीत ना?”

“नाहीत.”

“तेच. पोरंबाळं असती तर इंजिन बसायच्या आधी विकली असती.” थोड्या वेळानं म्हणाले, “मी कधी गाडीशी बोललो नाही. मीटरशी बोलायचो.”

मी हसलो, पण टीकाकार म्हणून माझी पंचाईत झाली होती. त्यांनी घटकांच्या सिनेमातली एक गोष्ट अचूक पकडली होती. बिमलचं गाडीवरचं प्रेम त्याच्या एकटेपणावर उभं आहे. तो टॅक्सीवाला असला तरी घटक त्याच्यावर घराचा हिशेब टाकत नाहीत. तो टाकला असता तर ती गाडी हत्यार झाली असती, सोबतीण झाली नसती. ‘अजांत्रिक’ महान आहे याबद्दल मला आजही शंका नाही. पण तो टॅक्सीवाल्यांच्या बाजूनं बोलणारा सिनेमा आहे, हे मी त्याच्यावर लादलं होतं. तो माणूस आणि यंत्र यांच्यातल्या जवळिकीचा सिनेमा आहे. माझे बाबा त्यात बसत नव्हते.

मग ‘जेनेव्हीव्ह’. संवाद मी अधूनमधून सांगत होतो. ॲलन गाडीखाली आडवा आणि वेंडी वैतागून रस्त्याकडेला, यावर बाबा मोठ्यांदा हसले. एकमेकांच्या गाड्या बिघडवतात तिथे म्हणाले, “आमच्या स्टँडवर असं केलं असतं तर डोकी फुटली असती.” म्हाताऱ्याच्या प्रसंगाला मी काही बोललो नाही. ते फक्त म्हणाले, “थांबला बघ.” शेवटी स्पायकरची चाकं ट्रामच्या रुळात अडकून ती भलतीकडेच जाते, आणि बंद पडलेली जेनेव्हीव्ह ब्रेक सुटून आपली आपणच घरंगळत पुलावर चढते, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली.

मी विचारलं, “तुम्हाला राग नाही आला? सगळी श्रीमंतांची थेरं.”

“राग कशाला? रविवारी गाडी काढायची आणि कुणाचं भाडं घ्यायचं नाही. चांगलंच आहे की.” मग म्हणाले, “आपण गेलो होतो ना एकदा. वज्रेश्वरीला.”

मला आठवलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबांनी मीटरला फडकं बांधलं होतं. वाटेत दोघा-तिघांनी हात केला आणि बाबा हसून मान हलवत पुढे गेले. आईनं पुढच्या सीटवर बसून पाय वर घेतले होते. पद्मिनीत मालकासारखे बसलेले आम्ही मला फक्त त्या एका दिवशी आठवतो. दुसऱ्या रविवारी जायचं ठरलं होतं, पण खाडा परवडणार नव्हता.

म्हणून माझं मत बदललं. ‘जेनेव्हीव्ह’चा हलकेपणा मी उथळपणा समजत होतो. तो सिनेमा यंत्राकडून काहीही न मागता त्याच्यासोबत घालवलेल्या दिवसाबद्दल आहे. त्या गाडीनं पोहोचवलंच पाहिजे असं कुठंच नाही. ती वाटेत पडली तर भांडण होतं, जेवण चुकतं, पण चूल बंद राहत नाही. अशा दिवसाचा आनंद कसा दिसतो, हे कॉर्नेलियसनं कुणाची टिंगल न करता दाखवलं. तो आनंद खोटा नाही. तो फार थोड्यांना मिळतो, एवढंच. सिनेमावर काढलेला राग खरं तर या वाटपावर निघायला हवा होता.

हे वाटप आपल्याकडे कायद्यातही लिहिलेलं सापडतं. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य 20 वर्षं. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांची झाली की तिला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये. अट अशी की तिचा व्यावसायिक वापर करायचा नाही. प्रदूषण, सुरक्षा, दोन्ही नियमांमागची कारणं मला समजतात. पण 20 आणि 50 यांच्या मधली 30 वर्षं गाडी जगवायला जागा लागते, पैसा लागतो आणि तिच्याकडून कमाईची अपेक्षा नसावी लागते. राबलेल्या गाड्या त्या मधल्या पट्ट्यात मरतात. पन्नाशी गाठणाऱ्या बहुतेक गाड्या घरच्या, सावलीत ठेवलेल्या. मग मेळाव्यात जो इतिहास उभा राहतो तो निवडून उरलेला असतो, आणि आपण त्याला शहराची आठवण म्हणतो.

मेळावे बंद करा असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळीही जाणार आहे. फक्त पाटीवर अजून एक ओळ असावी असं वाटतं: ही गाडी कुणी चालवली, कुणी दुरुस्त केली. आणि दोरी थोडी सैल असावी. ‘जेनेव्हीव्ह’मधला चांगुलपणा गाडीत नाही, थांबण्यात आहे. ॲलन थांबला कारण म्हाताऱ्यानं विचारलं. आमच्याकडची माणसं विचारत नाहीत, त्यामुळे थांबणाऱ्यालाच आधी बोलावं लागेल.

परवा त्या मेळाव्याच्या पुढच्या तारखेचा मेसेज आला. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि विचारलं, “ती फियाट येणार का?”

“माहीत नाही.”

“आली तर सांगून बघू त्याला, चोकचं.”