अक्षरपटलावरील कृत्रिम टिचकी : स्वयंचलित एजंटांच्या माऊस-अनुकरणाची समीक्षा

प्रस्तावना :
रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीची आशा धरणारा आमचा विद्यार्थी संगणक म्हटला की माऊस गृहीत धरतो. काळ्या पडद्यावरील अक्षरांचे टर्मिनल त्याला रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडची जुनी वस्तू वाटते. तथापि भाषिक प्रारूपांवर चालणारे स्वयंचलित एजंट अलीकडे याच टर्मिनलमध्ये काम करू लागले आहेत. २०२५ मधील 'टर्मिनल-बेंच' ही चाचणीमालिका त्यांचे हेच कौशल्य मोजते. अशा एजंटाने माऊसची टिचकी कशी मारावी आणि ती खरोखर लागली असे केव्हा मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विषय विवेचन :
१९७८ च्या 'व्हीटी१००' टर्मिनलला माऊस नव्हता. पुढे 'एक्सटर्म'ने माऊसच्या हालचाली अक्षरांच्या साखळीत गुंफून आज्ञावलीकडे पाठविण्याची पद्धत रूढ केली. म्हणजेच टर्मिनलमधील टिचकी ही मुळातच एक मजकूर आहे. जुन्या पद्धतीत बटण, स्तंभ व ओळ यांत प्रत्येकी ३२ मिळवून एकेक बाइट पाठवीत. त्यामुळे २२३ व्या स्तंभापलीकडे पोहोचता येत नसे. १००६ क्रमांकाच्या पद्धतीने ही मर्यादा दूर केली. तीत आकडे दशमान अंकांत लिहिले जातात. शेवटी मोठा 'एम' असल्यास बटण दाबले, लहान 'एम' असल्यास सोडले असा अर्थ होतो. डावे बटण ०, चाक वर ६४ व खाली ६५.

हे वाचून अनुकरण अगदी सोपे वाटते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप याच सुलभतेच्या समजुतीवर आहे. त्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण संमतीचे. आज्ञावलीने १००० सारखी अवस्था सुरू करून माऊस मागितला असेल, तरच टर्मिनल टिचकी कळविते. एजंट मात्र न विचारता साखळी पाठवितो. मग तिचे आरंभीचे एस्केप 'बाहेर पडा' असे वाचले जाऊ शकते आणि उरलेले अंक मजकुरात घुसतात. 'टीमक्स'मध्ये ही संमती तपासण्याची सोय आहे. ती न वापरणे हा निष्काळजीपणा होय.

दुसरे कारण दिशेचे. टर्मिनलच्या उपकरण-फाइलीत साखळी लिहिली, तर ती पडद्याकडे जाते, आज्ञावलीकडे नव्हे. आमच्या प्रात्यक्षिकात प्रथम हीच चूक झाली. टिचकी आभासी टर्मिनलच्या नियंत्रक बाजूनेच आत गेली पाहिजे.

तिसरे कारण मापाचे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. टिचकीचे स्थान स्तंभांत मोजतात, अक्षरांत नव्हे. 'रद्द' हा शब्द घेऊ. यूटीएफ-८ मध्ये त्याचे १२ बाइट होतात, युनिकोडची चिन्हे ४ होतात, तर हलन्ताला शून्य रुंदी देणाऱ्या रूढ गणनेत स्तंभ ३ होतात. काना काही प्रणालींत एक स्तंभ घेतो, काहींत शून्य. इंग्रजी मजकुरात ही तिन्ही मापे सहसा जुळतात, म्हणून तेथे उत्तीर्ण झालेला एजंट मराठी यादीत चुकीच्या चौकटीवर टिचकी मारतो. शेजारी 'पुसा' असेल तर ही चूक केवळ तांत्रिक राहत नाही. कुणाच्या तरी नोंदी पुसल्या जातात.

येथे असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो की, कळफलक असताना एजंटास माऊस हवाच कशाला? हा आक्षेप बऱ्याच अंशी रास्त आहे. केवळ काम उरकायचे असेल तर कळफलकच श्रेयस्कर, कारण तेथे स्थान मोजावे लागत नाही. परंतु माऊस मानणाऱ्या आज्ञावलीची चाचणी घ्यावयाची असेल, तर टिचकीस पर्याय नाही. 'टीमक्स'मध्ये कळांना नावाने पाठविता येते. टिचकीची साखळी मात्र स्वतः रचून पाठवावी लागते, हीही यातील अडचण होय.

निष्कर्ष :
साखळी पाठविली म्हणजे टिचकी लागली, असे मानता येत नाही. आधी संमती तपासावी, स्थान त्याच टर्मिनलच्या गणनेने काढावे, दाबणे व सोडणे दोन्ही पाठवावे आणि त्यानंतर पडदा पुन्हा वाचून अपेक्षित बदल झाला की नाही हे पाहावे. शेवटची पायरी गाळली, तर उरतो तो केवळ एजंटाचा दावा. देवनागरी मजकुराविना घेतलेली चाचणी मराठी वापरकर्त्यापुरती अपुरीच मानावी लागेल. ती पूर्ण करण्याचे काम परक्याने येऊन करावे अशी वाट न पाहता आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी हाती घ्यावे, इतकेच येथे सुचवावेसे वाटते.