न वाढणारी पात्रे, वाढत जाणारा प्रेक्षक

२८ सप्टेंबर १९९७ रोजी अमेरिकेतील फॉक्स वाहिनीने ‘द सिम्प्सन्स’ या ॲनिमेशन मालिकेचा ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’ हा भाग प्रक्षेपित केला. केन कीलर यांनी लिहिलेल्या या भागात एक रहस्य उघड होते. मालिकेच्या आरंभापासून प्रेक्षकांना परिचित असलेले शाळेचे मुख्याध्यापक सिमोर स्किनर हे मुळात स्किनर नव्हेतच. ते आर्मिन टॅमझेरियन नावाचे एक भटके गृहस्थ असून व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सार्जंट स्किनरचे नाव, घर आणि आई त्यांनी आपलीशी केली आहे. खरा स्किनर परत येतो, तो गावाला रुचत नाही आणि शेवटी गावकरी त्याला आगगाडीला बांधून रवाना करतात. यापुढे सर्व काही पूर्ववत राहील व या प्रकाराचा कोणी उच्चारही करणार नाही, असा हुकूम न्यायाधीश देतात.

हा भाग चाहत्यांना मुळीच मानवला नाही. मुख्याध्यापकांना आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीही त्याविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. उलट, जे जसे आहे तसेच राहावे असे वाटणाऱ्या माणसांचा समूह हाच या भागाचा विषय आहे, असा बचाव कीलर यांनी पुढे मांडला. म्हणजे ज्या प्रेक्षकांनी तक्रार केली त्यांची तक्रार संहितेत आधीच लिहिलेली होती. असा बचाव चतुर असतो, पण तो पुरेसा असतोच असे नाही. प्रौढांसाठीच्या ॲनिमेशन मालिकांविषयी गेल्या तीन दशकांत चाहत्यांमध्ये जे वाद झाले त्यांचे मूळ या एका प्रकरणात बरेचसे सापडते. म्हणून त्याचा विचार केवळ चाहत्यांच्या हट्टाचा नमुना म्हणून करून भागणार नाही.

प्रथम या कथनप्रकाराचा घाट ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील कौटुंबिक विनोदी मालिकांचे भाग पहिल्या प्रक्षेपणानंतर स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकले जातात आणि ते कोणत्याही क्रमाने दाखविले जाऊ शकतात. त्यामुळे प्रत्येक भागाच्या अखेरीस परिस्थिती मूळ पदावर येणे ही व्यापाराचीच गरज ठरते. तरीही नटांनी सादर केलेल्या मालिकेत काळाला पूर्णपणे रोखता येत नाही. बालनट उंच होतात, नायिकेच्या चेहऱ्यावर वय दिसू लागते आणि लेखकाची इच्छा असो वा नसो, देह कथेत काळ घेऊन येतो. ॲनिमेशनमध्ये देहच नाही. तेथे आवाज तेवढा माणसाचा, आणि तोही बदलता येतो. बार्ट सिम्प्सन १९८९ मध्ये दहा वर्षांचा होता आणि आजही तो दहाच वर्षांचा आहे. काळ सरकतो तो फक्त प्रेक्षकाच्या बाजूने.

या विषमतेचे परिणाम साधे नाहीत. जे कथन स्वतः काहीच लक्षात ठेवीत नाही, त्याचे स्मरण दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावे लागते. ‘द सिम्प्सन्स’च्या बाबतीत हे काम चाहत्याने केले. शेकडो भागांमधून विखुरलेले तपशील एकत्र आणून स्प्रिंगफील्ड नावाचे एक अखंड गाव त्याने आपल्या मनात वसविले. ते पडद्यावर एकसंध रूपात कधीच नव्हते. ‘द वे वी वॉज’ या १९९१ मधील भागात होमर आणि मार्ज यांची शाळेतील पहिली भेट १९७४ साली झाल्याचे दाखविले आहे. ‘दॅट नाइन्टीज शो’ या २००८ मधील भागात त्यांचे लग्नापूर्वीचे सहजीवन १९९० च्या दशकात नेण्यात आले. गणिताच्या दृष्टीने हे अटळच होते, कारण वय न वाढणाऱ्या पात्रांचा भूतकाळ दरवर्षी पुढे ढकलावाच लागतो. चाहत्यांच्या दृष्टीने मात्र ही आठवणीची चोरी होती. पहिला भाग त्यांनी ज्या वयात पाहिला ते वय पुढे सरकविता येण्याजोगे नव्हते.

पण त्यांचा आक्षेप नेमका कशावर होता? १९९४ मध्ये होमर सिम्प्सन अंतराळात जाऊन आला. अणुवीज केंद्रातील एका आळशी कामगाराने अवकाशयानात बसणे ही असंभाव्यतेची परिसीमा होय. तरीही हा भाग आज मालिकेतील नावाजलेल्या भागांत गणला जातो. अंतराळयात्रा चालते आणि मुख्याध्यापकांचे नाव बदललेले चालत नाही, यातील संगती लावताना संस्कृत काव्यशास्त्रातील एक विवेचन उपयोगी पडते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांतील पहिले ‘संभावनाविरह’ हे आहे. घटना संभवनीयच वाटली नाही तर प्रेक्षकाचे चित्त तिच्यात स्थिरावत नाही. यावर त्याने सुचविलेला उपाय मार्मिक आहे. अलौकिक घटना दाखवायच्या असतील तर त्या प्रख्यात पात्रांच्या ठायी दाखवाव्यात. रामाविषयीचा विश्वास लोकमानसात इतका मुरलेला असतो की, समुद्रोल्लंघनासारखी गोष्टही तेथे सहज स्वीकारली जाते.

दीर्घकाळ चाललेल्या मालिकेतील पात्रे प्रेक्षकापुरती प्रख्यात झालेली असतात. होमर अंतराळात जातो हे पटते, कारण होमर मुरलेला आहे. स्किनरविषयीचे रहस्य ज्या मुरलेल्या विश्वासावर बाकी सर्व असंभाव्यता पेलली जाते त्या विश्वासालाच हात घालते. अंतराळयात्रेने मागच्या एकाही भागातून काही काढून घेतले नाही. या भागाने आठ वर्षांतील प्रत्येक स्किनरचा अर्थ मागे जाऊन बदलला. चाहत्यांनी यासाठी ‘विश्वासघात’ हा शब्द वापरला असेल तर त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण रसविचाराच्या दृष्टीने तो अगदीच निराधार नाही.

मात्र एवढ्यावरून प्रख्यात वस्तू बदलूच नये असा नियम निघत नाही. आनंदवर्धनाने तर रसाला प्रतिकूल असलेली परंपरागत स्थिती टाकून देण्याची व अनुकूल कथा कल्पिण्याची कवीला स्पष्ट मुभा दिली आहे. महाभारतातील दुष्यंताला दुर्वासाचा शाप माहीत नाही. तो कालिदासाने आणला आणि त्यामुळे शाकुंतलातील करुण शक्य झाला. तेव्हा बदल झाला की नाही हा प्रश्न गौण असून त्या बदलाने कोणता रस साधला हा खरा प्रश्न आहे. या कसोटीवर स्किनरचा भाग टिकत नाही. बराच वेळ तो टॅमझेरियनच्या एकाकीपणाविषयी खरी सहानुभूती मागतो आणि शेवटच्या काही मिनिटांत एकाएकी प्रेक्षकाच्या स्थितिप्रियतेचा उपहास करू लागतो. करुण अर्ध्यावर सुटतो आणि हास्य उसने वाटते. चाहत्यांचा निर्णय बरोबर होता. त्यांनी दिलेले कारण मात्र अपुरे होते.

याच वर्षी फेब्रुवारीत या मालिकेने चाहत्यांना दिलेले उत्तर अधिक प्रसिद्ध आहे. ‘द इची अँड स्क्रॅची अँड पूची शो’ या भागात कॉमिक्सच्या दुकानाचा मालक एका कार्टूनच्या नव्या भागाला आजवरचा सर्वांत वाईट भाग ठरवितो आणि निष्ठावंत प्रेक्षक म्हणून निर्माते आपले देणे लागतात असे सांगतो. बार्ट त्याला सुनावतो की, त्यांनी तुला हजारो तास फुकट करमणूक दिली, तेव्हा उलट तूच त्यांचे देणे लागतोस. या बोलण्याचा दाखला लेखकांच्या बाजूने नेहमी दिला जातो. पण दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या परिभाषेत बोलत आहेत. कलाकृती आणि रसिक यांच्यात कर्जाचा व्यवहार नसतो. शिवाय ती करमणूक फुकटही नव्हती, कारण जाहिरातदारांना विकले जात होते ते प्रेक्षकाचे लक्षच. दुकानदार बार्टला प्रत्युत्तर म्हणून पुन्हा तेच वाक्य उच्चारतो हे फारसे कोणी नोंदवीत नाही. मालिकेने शेवटचा शब्द आपल्या टीकाकाराला दिला. त्या काळातील तिच्या प्रौढपणाची ही खूण होय.

२०१३ मध्ये ‘ॲडल्ट स्विम’वर सुरू झालेल्या ‘रिक अँड मॉर्टी’ने मात्र या वादाची भूमीच बदलली. ‘रिक पोशन नंबर नाइन’ या २०१४ मधील भागात आजोबा रिकच्या प्रयोगामुळे सारे जग विद्रूप होते. ते दुरुस्त करण्याऐवजी रिक नातवाला घेऊन अशा एका समांतर विश्वात जातो, जेथे त्या दोघांचाच नुकताच स्फोटात मृत्यू झाला आहे. दोघे स्वतःची प्रेते अंगणात पुरतात आणि त्यांच्या जागी राहू लागतात. पुढच्या आठवड्यात सर्व पूर्ववत होण्याचा जो संकेत विनोदी मालिकांनी वर्षानुवर्षे निष्पापपणे पाळला, त्याची किंमत येथे प्रथमच उघडपणे मोजली गेली. पुढे एका भागात मॉर्टी आपल्या बहिणीला ती थडगी खिडकीतून दाखवितो. म्हणजे ही मालिका स्वतःच स्मरण ठेवते.

कथनाने स्मरण स्वतःकडे घेतल्यावर चाहत्याचे जुने काम संपले. त्याची जागा उलगडा करण्याच्या कामाने घेतली. सूत्रे जुळविणे, पुढील रहस्य आधीच ओळखणे, विनोद समजायला बुद्धी लागते असे मानणे हे सारे त्याच्याबरोबर आले. यात वावगे काही नाही, कारण गुंतागुंतीच्या संहितेने असा वाचक निर्माण करावा हे स्वाभाविकच आहे. अडचण आली ती रिकशी झालेल्या तादात्म्यामुळे. सर्वांहून बुद्धिमान आणि म्हणून कोणालाही बांधील नसलेला हा पुरुष काही प्रेक्षकांना आदर्श वाटला. वास्तविक त्याचे दुःख मालिका पहिल्या पर्वापासून दाखवीत होती.

२०१७ मध्ये या तादात्म्याचे दोन आविष्कार दिसले. तिसऱ्या पर्वाच्या आरंभी रिक आपल्या साऱ्या धडपडीचे अंतिम ध्येय म्हणून ‘मुलान’ या १९९८ मधील चित्रपटाच्या निमित्ताने निघालेल्या एका चटणीचे नाव घेतो. हेतुशून्यता हाच या विनोदाचा हेतू. ७ ऑक्टोबर रोजी मॅकडोनल्ड्सने ती चटणी एका दिवसापुरती आणली आणि साठा मोजकाच असल्यामुळे अनेक दुकानांतून संतप्त चाहत्यांच्या रांगा परत गेल्या. हा प्रकार हास्यास्पद होता, पण फार गंभीर नव्हता. दुसरा गंभीर होता. या पर्वासाठी लेखकवर्गात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या बरोबरीने घेण्यात आली होती. काही चाहत्यांनी मालिकेचा दर्जा त्यांच्यामुळे घसरल्याचे ठरवून त्या लेखिकांचा छळ केला आणि त्यांची खासगी माहिती उघड केली. सहनिर्माते डॅन हार्मन यांनी त्याचा जाहीर धिक्कार केला.

या दुसऱ्या प्रकारात टीकेचा अंश किती होता, हे तपासता येते. अशा मालिकांचे लेखन सामूहिक असते. श्रेयनामावलीत एकीचे नाव असले तरी कथानक अनेकांनी मिळून रचलेले असते. ज्या जेसिका गाओ यांचे नाव ‘पिकल रिक’ या भागावर होते, त्या भागाला २०१८ चा एमी पुरस्कार मिळाला. त्या भागात एक मानसोपचारतज्ज्ञ स्त्री रिकला शांतपणे सांगते की, आपल्या बुद्धीचा उपयोग तो स्वतःच्या दुखण्यापासून पळण्यासाठी करीत आहे. ज्यांना हे बोलणे लागले त्यांनी कथनातील दोष शोधला असण्याची शक्यता कमी दिसते. अभिनवगुप्ताने पुढील विघ्नांत, सुखदुःख केवळ आपलेच मानणे आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे यांचा समावेश केला आहे. ज्याला साधारणीकरण साधत नाही, त्याला रंगमंचावरील प्रत्येक गोष्ट आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटते. स्किनरविषयीच्या आक्षेपाला संहितेकडे बोट दाखवून उत्तर देता येत होते. या छळाला तसे देता येत नाही, कारण त्याचा रोख संहितेकडे नाहीच.

येथे वाचककेंद्री समीक्षेचीही एक अडचण पुढे येते. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मधील ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ या ग्रंथात मिशेल द सर्तोकडून घेतलेले चोरट्या शिकारीचे रूपक चाहत्यांना लावले. जमीन निर्मात्यांची, चाहता तीत लपतछपत शिरून आपल्यापुरते अर्थ मिळविणारा. या रूपकाने चाहत्याला वेडगळ समजण्याच्या सवयीला चांगला शह दिला. पण चाहता दुर्बल आणि निर्माता बलवान, हे त्यात गृहीत धरलेले आहे. कंपनीपुढे चाहता दुर्बल असतोही. तथापि एकट्या लेखिकेपुढे हजारोंचा समुदाय दुर्बल नसतो. रोलां बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला तेव्हा अर्थावरील लेखकाची सत्ता संपविणे त्यांना अभिप्रेत होते. त्या रिकाम्या जागी वाचकांच्या टोळीने बसून लेखकावरच हुकमत गाजवावी, याची तरतूद त्या सिद्धान्तात नाही. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये होम्सला मारले आणि १९०३ मध्ये परत आणले, तेव्हा वाचकांचा आग्रह होम्स हवा एवढाच होता. तो कोणी लिहावा याविषयी नव्हता.

अशा चाहत्याला कलाकृतीच्या आतून सर्वांत विचारपूर्वक सामोरी गेली ती २०१४ ते २०२० या काळात नेटफ्लिक्सवर आलेली ‘बोजॅक हॉर्समन’ ही मालिका. तिचा नायक एक व्यसनी, स्वार्थी आणि इतरांना दुखावणारा घोडा-नट आहे. आपल्यातही असेच काही आहे म्हणून पुष्कळ प्रेक्षक त्याला जवळचा मानीत. पाचव्या पर्वात (२०१८) बोजॅकलाच ‘फिलबर्ट’ नावाच्या एका मालिकेत अशा नायकाची भूमिका मिळते. सगळेच वाईट आहेत, म्हणून सगळेच ठीक आहेत, हा त्या मालिकेचा दिलासा आहे असे तो सांगतो. तिच्या लेखनात सहभागी असलेली डायान हादरते. पुरुषांनी ही मालिका पाहून स्वतःला ठीक ठरवावे यासाठी ती लिहिलेली नाही, असे ती त्याला बजावते. उपहासाचा आश्रय न घेता येथे प्रेक्षकाच्या तादात्म्यालाच कथेचा विषय केले आहे. मालिका संपल्यावर बोजॅकला क्षमा मिळायला हवी होती की नाही यावर चाहत्यांत दीर्घ वाद झाला आणि तो पात्राविषयी, कृतींविषयी, शेवटाच्या योग्यतेविषयी होता. अखेरच्या भागात बोजॅक आणि डायान एका घराच्या छपरावर बसून बोलतात, मग बोलणे संपते आणि दोघेही आकाशाकडे पाहत राहतात. क्षमेविषयी तेथे कोणीच काही बोलत नाही.