शालेय भौतिकशास्त्रातील चुंबकीय क्षेत्राची संकल्पना : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

शालेय विज्ञानातील काही आकृत्या अशा असतात की त्या काढता आल्या म्हणजे विषय समजला, असा समज विद्यार्थी आणि शिक्षक या दोघांचाही होतो. पट्टीचुंबकाभोवतीच्या वक्ररेषांची आकृती ही त्यांपैकीच एक होय. पदवीच्या प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी ही आकृती सहज काढतो, उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे बाणही दाखवतो. परंतु ‘दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत चुंबकसूची ठेवली तर तिच्यावर परिणाम होईल काय?’ असा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या वेळी विचारला असता तो थबकतो. ‘तेथे रेषा नाही, म्हणून क्षेत्र नाही’ हे उत्तर प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकले आहे. हे उत्तर आळसातून आलेले नाही. ते आकृतीतूनच आलेले आहे. चुंबकीय क्षेत्राच्या शालेय मांडणीत हा गैरसमज कोठे रुजतो, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

लोहकिसाचे चित्र आणि त्याची मर्यादा

कागदाखाली चुंबक ठेवून वर लोहकीस भुरभुरणे आणि कागदावर हलकेच टिचक्या मारणे, हा प्रयोग विद्यार्थ्यांच्या कायमचा लक्षात राहतो. मायकेल फॅरेडे यानेही लोहकिसाच्या आकृत्या कागदावर चिकटवून जतन केल्या होत्या. प्रयोगाचे मोल त्यामुळे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा.

लोहकिसाचा प्रत्येक कण क्षेत्रात स्वतः एक छोटा चुंबक बनतो. असे कण टोकाला टोक जोडून साखळ्या तयार करतात आणि शेजारच्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात. दोन साखळ्यांमधील मोकळी जागा या परस्पर अपकर्षणाने निर्माण होते. क्षेत्र मात्र त्या मोकळ्या जागेतही अखंड असते. शिवाय लोहकीस क्षेत्राची दिशा सांगत नाही, केवळ त्याचा कल सांगतो. तो कागदाच्या एका प्रतलापुरता मर्यादित असतो आणि चुंबकाभोवतीचे क्षेत्र तर त्रिमितीय असते. या मर्यादा स्पष्ट केल्या नाहीत तर विद्यार्थी लोहकिसाच्या साखळीलाच क्षेत्र समजतो.

‘बलरेषा’ ही संज्ञा

मराठी विज्ञानलेखनात ‘चुंबकीय बलरेषा’ हा शब्द रूढ आहे. फॅरेडेच्या मूळ शब्दयोजनेचे ते विश्वासू रूपांतर आहे, हे मान्य करावे लागेल. फॅरेडे स्वतः या रेषांना भौतिक अस्तित्व आहे या मताकडे झुकलेला होता आणि १८५२ मध्ये त्याने त्या मताची मांडणीही केली. पुढे मॅक्सवेलने अवकाशातील प्रत्येक बिंदूला परिमाण आणि दिशा असलेली राशी जोडून त्याच कल्पनेला गणिती रूप दिले.

दहावीच्या विद्यार्थ्यापुढे ही संज्ञा एक विसंगती उभी करते. ‘बलरेषा’ म्हणजे बलाच्या दिशेची रेषा, असा अर्थ तो सहज घेतो. त्याच प्रकरणात पुढे फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम येतो आणि धारावाही तारेवरील बल हे क्षेत्राच्या दिशेला लंब असते, असे सांगितले जाते. मग बलरेषा बलाची दिशा दाखवीत नसेल तर ती काय दाखवते? ती त्या बिंदूवर ठेवलेल्या चुंबकसूचीच्या उत्तर टोकाची दिशा दाखवते. म्हणून ‘क्षेत्ररेषा’ ही संज्ञा अधिक निर्दोष ठरते.

गुणधर्मांची यादी की निष्कर्ष?

‘बलरेषा परस्परांना छेदत नाहीत’, ‘बलरेषा बंद वक्र असतात’ ही विधाने यादीच्या स्वरूपात पाठ केली जातात. वस्तुतः ती निष्कर्ष आहेत. दोन रेषा छेदल्या तर त्या बिंदूवर सूचीला एकाच वेळी दोन दिशा दाखवाव्या लागतील, हे अशक्य आहे. तसेच पट्टीचुंबक मधोमध तोडून तुकड्यांमध्ये थोडी फट ठेवली, तर फटीच्या एका बाजूला नवा उत्तर आणि दुसऱ्या बाजूला नवा दक्षिण ध्रुव येतो. फटीतील क्षेत्राची दिशा मूळ चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे असते. चुंबकाच्या आत रेषा उलट दिशेने का जातात, हे एवढ्या विचारानेही पटू शकते. परंतु गुण वाक्याला मिळतात, कारणाला नव्हे. परीक्षापद्धतीची ही मर्यादा आपण प्राध्यापकांनीही तितकीच स्वीकारलेली आहे.

हरवलेली पृथ्वी

पाठ्यपुस्तकातील चुंबक जणू पोकळीत एकटाच असतो. प्रत्यक्षात प्रयोगाच्या टेबलावर पृथ्वीचे क्षेत्रही असते. महाराष्ट्रात ते सुमारे ४० मायक्रोटेस्ला इतके आहे. ध्रुवाजवळ चुंबकाचे क्षेत्र याच्या शेकडो पट असते, परंतु दूर जाताना ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. साध्या शालेय चुंबकापासून दहा-वीस सेंटिमीटरवरच दोन्ही क्षेत्रे तुल्यबळ होतात. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवल्यास त्याच्या पूर्व व पश्चिम बाजूंना असे बिंदू सापडतात की जेथे दोन्ही क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात. सूचीच्या साहाय्याने रेषा आखणारा विद्यार्थी पुस्तकातील सुबक आकृतीऐवजी हे वास्तव पाहतो आणि ‘आपले चुकले’ असे समजून ते खोडून टाकतो. खरे तर क्षेत्रांची बेरीज होते, हे येथेच शिकवता येते.

या संदर्भात एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मुंबईत कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या विद्युतधारांचे क्षेत्र या नोंदी बिघडवील, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. विजेच्या ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावू लागल्या. ऑर्स्टेडचा १८२० चा शोध शिकवताना या स्थलांतराइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की दोष आकृतीत नसून तिच्या क्रमात आहे. आधी आकृती आणि नंतर, वेळ उरल्यास, प्रयोग हा क्रम उलटावा लागेल. विद्यार्थ्याने प्रथम चुंबकसूची बिंदूबिंदूवर ठेवून दिशा नोंदवाव्यात, कोऱ्या वाटणाऱ्या जागेतही सूची वळते हे स्वतः पाहावे आणि मगच रेषा जोडाव्यात. बहुतेक भ्रमणध्वनींमध्ये आज चुंबकमापी असतो. त्यावर अंतरागणिक क्षेत्राचे परिमाणही मोजता येते. रेषा हा क्षेत्राचा नकाशा आहे. नकाशावर दोन समोच्च रेषांच्या मधली जागा कोरी असते, म्हणून तेथे जमीन नाही असे कोणी म्हणत नाही. हा विवेक भूगोलाच्या तासाला असतो, तो भौतिकशास्त्राच्या तासालाही यावा, एवढीच अपेक्षा आहे.